झाऱ्याला बांधलेली चावी

मुलींच्या बाथरूमची चावी एका झाऱ्याला बांधलेली होती. भजी तळायचा असतो तो, मोठा, स्टीलचा, लांब दांड्याचा. आमच्या अभ्यासिकेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांनी चावी हरवू नये म्हणून ही युक्ती काढली होती. झारा कुणी चुकून पर्समध्ये टाकून घरी नेत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

अभ्यासिका सदाशिव पेठेत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. पुढे मुलांचा मोठा हॉल, चाळीसेक टेबलं. मागे अरुंद पॅसेज आणि त्याच्या टोकाला आम्हा चौदा मुलींची खोली. मुलींचं बाथरूम आमच्या खोलीपासून सहा पावलांवर होतं. चावी मात्र पार पुढे, हॉलच्या दाराशी, काकांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर. म्हणजे जायचं असेल तर आधी अख्खा हॉल ओलांडायचा, काकांकडे चावी मागायची, वहीत नाव आणि वेळ लिहायची, आणि झारा हातात धरून पुन्हा हॉलमधून परत यायचं. चालताना चावी झाऱ्यावर आपटून किणकिण वाजायची. चाळीस माना वर व्हायच्या आणि पुन्हा पुस्तकात जायच्या. काम झालं की हीच यात्रा उलटी, आणि वहीत 'परत' या रकान्यात वेळ. एवढं करून आतली कडी निखळलेलीच होती. दार एका हाताने ओढून धरावं लागे.

मुलांचं बाथरूम जिन्याच्या वळणावर होतं. त्याला कुलूप नव्हतं, कडी होती.

मी लाजाळू आहे. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पुढे हिंजवडीत दोन वर्षं नोकरी केली ती निभावली, कारण तिथे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशीही चॅटवरच बोलायची पद्धत होती. मग राजीनामा दिला आणि स्पर्धा परीक्षेच्या मागे लागले. आईने एक वर्ष दिलं. वारज्याच्या आमच्या घरी अभ्यास होत नव्हता. घरी असलेली मुलगी म्हणजे रिकामी मुलगी, असा आमच्या सोसायटीचा आणि माझ्या सगळ्या मावश्यांचा ठाम समज आहे. तिने शेजाऱ्यांची कुरिअर घ्यावीत, दुधाकडे बघावं आणि 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत आलेल्या स्थळांपुढे पोहे न्यावेत. अभ्यासिकेतलं दीड बाय दोन फुटांचं टेबल हे त्या वर्षातलं माझं एकुलतं एक स्वतःचं ठिकाण होतं.

झाऱ्याचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. पाणी पिणं बंद केलं. सकाळी नऊला निघताना अर्धा कप चहा, डब्याबरोबर दोन घोट, बस. अगदीच असह्य झालं तर खाली उतरून दोन गल्ल्या पलीकडच्या हॉटेलात जायचं, नको असलेली कॉफी मागवायची आणि तिथलं बाथरूम वापरून यायचं. मला वाटायचं, जमतंय की.

दीड महिन्यात व्हायचं ते झालं. जळजळ, ताप, थंडी. पेठेतल्याच एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग चष्म्यावरून मला पाहिलं.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

मी खरं ते सांगितलं.

"आणि अभ्यास कशाचा करता म्हणालात?"

"सध्या राज्यघटना."

"छान. अधूनमधून मूत्रपिंडांचाही करत जा. ती दोनच असतात."

घरी आईने गोळ्यांची पाकिटं पाहिली, कारण काढून घेतलं आणि लगेच निकाल लावला. "मग घरीच बस ना अभ्यासाला. इथे बाथरूमला कुलूप नाही." ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच मला घाम फुटला. परीक्षा अकरा आठवड्यांवर होती. ते टेबल सुटलं असतं तर माझं वर्ष तिथेच संपलं असतं, हे मला माहीत होतं आणि बहुधा आईलाही. परत जायला लागल्यापासून एक आठवडा दे, तेवढ्यात काहीतरी मार्ग काढते, असं म्हणून मी मुदत मागून घेतली.

आजारपणाच्या पाचव्या दिवशी परत गेले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "कुठं गायब व्हतीस?" ही हिंजवडीजवळच्या एका गावातली. त्यांची जमीन आयटी पार्कमध्ये गेली. मी ज्या इमारतीत नोकरी करायचे ती सांगितल्यावर ती म्हणाली होती, "म्हंजी तू आमच्या वांग्यांवर बसायचीस." तिच्यापाशी खोटं बोलायची सोय नव्हती. मी हळूच कारण सांगितलं. ती मोठ्याने हसायला लागली. मला राग येणार तेवढ्यात म्हणाली, "अगं, मी बी न्हाय पीत. मी रोज दोनला आत्याकडं जाते की नाही, पलीकडच्या गल्लीत. तुला काय वाटलं, आत्यावर लई जीव हाय माझा?"

त्या दिवशी डबे उघडल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. चौदापैकी बारा जणी पाणी पीत नव्हत्या. प्रत्येकीची आपापली गुपित व्यवस्था होती. एक रोज दुपारी देवळात जायची, ती किती धार्मिक आहे असं आम्हाला वाटायचं. एकीने मैत्रिणीच्या खोलीची जादा किल्ली करून घेतली होती. एक फक्त काका जेवायला गेले की जायची. उरलेल्या दोघींना झाऱ्याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्याकडे आम्ही हिमालयावर चढून आलेल्या बायकांकडे बघावं तसं बघितलं. मग कुणीतरी किणकिण असा आवाज काढला आणि आम्ही इतक्या हसलो की हॉलमधून 'शांतता राखा' असा आवाज आला.

हसू ओसरल्यावर मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. त्या आठवड्यात आम्ही सगळ्या मूलभूत हक्कच वाचत होतो. माझ्या भिंतीवर तक्ता होता. नैसर्गिक हक्क, मानवी हक्क, नागरी हक्क, राजकीय हक्क, प्रत्येकाचा वेगळा रंग. शाळेत हे सगळं मी इंग्रजीत पाठ केलं होतं, सहा हक्कांची यादी, परीक्षेत सहाच्या सहा गुण. मराठीतून वाचायला लागल्यावर अडखळत होते, कारण 'हक्क' हा शब्द मी आजवर फक्त घरात ऐकला होता. 'हक्काने या जेवायला.' 'काही लागलं तर हक्काने सांग.' आमच्याकडे हक्क म्हणजे जवळच्या माणसाकडे न संकोचता मागणं. आणि तेच तर मला कधी जमलं नव्हतं, जवळच्या माणसाकडेसुद्धा.

"अर्ज करू या," शेजारीण म्हणाली. "काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेत. त्यांना तोंडी काय बी कळत न्हाय."

आमच्यात एक ताई होती, कायद्याची पदवी घेतलेली, तिसरा प्रयत्न चालू असलेली. तिने लगेच शंका काढली. "कलम बारा बघा. मूलभूत हक्क मागायचे ते राज्यसंस्थेकडे. काका म्हणजे काय राज्यसंस्था आहेत?"

"रुबाब तर तसाच हाय."

"नाही, पण पंधरा-दोन आहे," देवळात जाणारी म्हणाली. "दुकानं, हॉटेलं. तिथे लिंगावरून भेद चालत नाही, खाजगी असलं तरी."

"अभ्यासिका हे दुकान आहे का?"

"फी घेतात की!"

"आणि एकोणीस? देशात कुठेही मुक्त संचार करायचा आपल्याला. काश्मीरला जा, कन्याकुमारीला जा..."

"...फक्त पॅसेजमध्ये सहा पावलं जाऊ नका."

दोन तास हे चाललं. इतका चांगला अभ्यास माझा आधी कधी झाला नव्हता. कुठल्या कलमात काय आहे ते आजही मला त्या दुपारच्या आवाजांत आठवतं.

अर्ज मी लिहिला, कारण माझं अक्षर सुवाच्य आहे. मराठी लिहायची सवय नसल्यामुळे मी एकेक अक्षर शाळकरी मुलीसारखं गोल काढते. पण मुख्य परीक्षेची उत्तरं लिहून लिहून आमच्या सगळ्यांच्या हाताला एकच वळण लागलं होतं. त्यामुळे तो अर्ज न होता दहा गुणांचं उत्तर झालं. आधी प्रस्तावना, त्यात हक्कांची व्याख्या. मग 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' असं उपशीर्षक. मग घटनात्मक तरतुदी, मुद्देसूद, कलमांखाली रेघा. मग 'आव्हाने' आणि 'पुढील दिशा'. सगळ्यात शेवटी, समारोपात, अशी मागणी : मुलगे व मुली यांना स्वच्छतागृहाच्या वापराबाबत समान वागणूक मिळावी. खाली चौदा सह्या. लिहिणारीची सही पहिली असते असं ताईने सांगितलं, म्हणून माझी पहिली.

शेजारणीने तो काकांच्या टेबलावर ठेवला आणि धावत परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलावर होता. लाल पेनाने तपासलेला. काकांनी आयुष्यभर कचेरीत लोकांचे अर्ज वाचले होते, त्यांना राहवलं नसावं. प्रस्तावनेवर काट मारून 'अनावश्यक' लिहिलं होतं. ऐतिहासिक पार्श्वभूमीशेजारी 'कोणाची? माझ्या बाथरूमची?' असं होतं. समारोपाशी 'मागणी पहिल्या ओळीत असावी. अधिकारी शेवटपर्यंत वाचत नाही.' वर कोपऱ्यात वर्तुळात साडेचार, खाली दहा. आणि त्याच्याखाली, त्याच लाल पेनाने : 'मागणी मान्य.'

आम्ही अक्षरशः टेबलं वाजवली. साडेचार गुणांचं एवढं कौतुक मी आजवर पाहिलेलं नाही. शेजारणीने तर लगेच बाटली तोंडाला लावली.

अकराच्या सुमारास पॅसेजमध्ये तीन मुलगे येऊन उभे राहिले. एरवी ते इकडे फिरकत नसत.

"ताई, आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं?" त्यातला उंच मुलगा म्हणाला.

"का? काय झालं?"

"आमच्या बाथरूमला कुलूप लावलंय काकांनी. चावी मागायला गेलो तर म्हणाले, मुलींनी समानता मागितली, ती दिली."

"अगं बाई," ताई म्हणाली.

"आणि चावीला उलथनं बांधलंय," दुसरा दुःखाने म्हणाला.

पुढचे तीन दिवस मी कधी विसरणार नाही. हॉलमधून मुलगे हातात उलथनं घेऊन मान खाली घालून जायचे. एकाची वहीत वेळ लिहायची राहिली तर काकांनी त्याला अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या फिल्टरपाशी कुणीच नव्हतं. चहाच्या टपरीवर मात्र गर्दी वाढली, कारण टपरीपलीकडच्या इमारतीत एक उघडं बाथरूम असल्याचा शोध मुलांना लागला होता. हे सगळं पाहून आम्हाला हसू येत होतं हे खरं. पण आमचा झारा जागच्या जागीच होता, आणि आईकडून मागून घेतलेल्या आठवड्यातले दोनच दिवस उरले होते.

"चूक आपलीच," ताई डबा खाताना म्हणाली. "आपण चौदावं कलम मागितलं. समानता. ती काय, दोघांनाही सारखं बांधून ठेवलं तरी होते. आपल्याला हवं होतं एकवीस."

"जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य," कुणीतरी सवयीने पूर्ण केलं.

"म्हंजी काय, साध्या भाषेत?" शेजारणीने विचारलं.

"म्हणजे मी कधी गेले, किती वेळ गेले, हे कुणाच्या वहीत नसावं," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढं सलग वाक्य त्या खोलीत बहुतेक पहिल्यांदाच बोलले होते.

"हेच जाऊन सांग काकांना," ताई म्हणाली.

"मी लिहून देते."

"लिवू नको बाई!" शेजारणीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "परत साडेचार देत्याल आन् आता पिण्याच्या पाण्याला बी कुलूप लावत्याल."

मी उठले. का उठले ते नीट सांगता येत नाही. तो हॉल मी याआधी नेहमी भिंतीच्या कडेने ओलांडला होता. त्या दिवशी टेबलांच्या मधून गेले, कारण कडेला कुणीतरी सॅक ठेवली होती.

काका पेपर वाचत होते. न बघता त्यांनी मागे हात नेला आणि झारा काढून पुढे केला.

"ते नकोय, काका."

त्यांनी पेपर खाली घेतला. "अच्छा, आपण. अर्जदार. बोला. समानतेत काही कमी राहिलं का?"

मागे पानं उलटायची थांबली होती.

"अहो, कुलूप मी हौसेने लावलेलं नाही," काका म्हणाले. "खालच्या क्लासमधल्या मुली वर येतात, घाण करून जातात. निस्तरायचं कुणी? अभ्यास करायला बसता ना, मग हा विचार तुम्हीच करायला हवा. बरं, तुम्हाला नक्की काय हवंय? एका वाक्यात सांगा. प्रस्तावना नको."

मी मनात तीन वाक्यं जुळवली होती. ती सगळी पळाली. तोंडातून आलं ते भलतंच, आणि माझ्या मानाने फार मोठ्याने.

"काका, आम्हाला चावी नको. आतून कडी हवी."

मागच्या रांगेतून त्या उंच मुलाचा आवाज आला, "अनुमोदन."

"अनुमोदन बसून देत नाहीत," काका न बघता म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग एकदमच खूप. मी वळून पाहिलं तर अख्खा हॉल उभा होता, आणि पॅसेजच्या दाराशी आमच्या तेरा जणी एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. काकांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"बसा. राष्ट्रगीत नाही चाललेलं."

सगळे हसले, पण बसले नाहीत.

"आणि खालच्या क्लासच्या मुली आल्या तर?" काकांनी मला विचारलं.

"त्यांनाही लागतंच ना, काका."

हे मी ठरवून बोलले नव्हते. काकांनी पेपरची घडी घातली.

"आणि घाण झाली तर?"

"तर आम्हाला आणि मुलांना सारखंच ओरडा. तिथे समानता चालेल."

काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं असं शेजारीण आजही म्हणते, मला खात्री नाही. ते म्हणाले, "हे अर्जात लिहिलं असतंत तर सात दिले असते."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पितळी कडी, स्क्रू आणि पेचकस घेऊन आले. दोन्ही कुलपं निघाली. स्क्रू बसेना तेव्हा त्यांनी दारालाच दोन शब्द सुनावले. मग मला बोलावून म्हणाले, "आत जाऊन लावून बघा. ओढून बघा. अर्धवट काम मला चालत नाही." कडी घट्ट बसली होती. आईला फोन करून सांगितलं की मी टेबल सोडत नाहीये. ती म्हणाली, "एका कडीसाठी एवढं?" आणि थोड्या वेळाने, "मोठ्याने बोललीस का गं? सगळ्यांसमोर?" मी हो म्हणाले. तिने ते बाबांना पलीकडे ओरडून सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं.

त्या दुपारी मी पाण्याची बाटली भरून आणली आणि पुस्तक वाचता वाचता सगळी प्यायले. मग उठले, कुणाला काही न सांगता, सहा पावलं चालले, आत गेले आणि कडी लावली. दोन्ही हात मोकळे होते. वरच्या झडपेतून उन्हाची एक पट्टी भिंतीवर पडली होती. मी आत आहे हे त्या क्षणी जगात कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझं काम झालं होतं, तरी मी तशीच उभी राहिले, उगाच, काहीही न करता.

दारावर थाप पडली.

"ए बाई, झोपलीस का काय आत? खालच्या क्लासच्या दोघी बी उभ्या हायेत इथं. बाकीच्यांना हक्क हायेत का न्हाय?"

"थांब गं जरा!" मी आतून ओरडले, खणखणीत, पार हॉलपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने, आणि आणखी थोडा वेळ उभी राहिले.